भिंतीचा रेनकोट

श्रीवर्धनला आमच्या घरी येणारा मुंबईकर पाहुणा उंबऱ्यातच थबकायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "वा! काय समुद्राचा वास आहे!" आम्ही उभयता माना डोलवायचो. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आणि वारा नेमका उलट्या दिशेचा असला, तरी पाहुण्याला दुखवायचं नाही अशी आमच्याकडची रीत. खरं सांगायचं तर तो वास आमच्या माजघराच्या भिंतीचा होता. भिंतीला बुरशी आली होती, आणि कोकणची शुद्ध हवा म्हणून पाहुणा जे छातीत साठवत होता ते आम्ही आठवड्यातून दोनदा फडक्याने पुसत होतो.

तुम्ही म्हणाल, बुरशी ती काय आणि तिच्यावर लेख तो काय! पावसाळ्यात कोकणात बुरशी कशाला येत नाही? चपलांना येते, कमरेच्या पट्ट्याला येते, पापडांना बुरा येतो, लग्नाच्या अल्बममध्ये येते. (आमच्या अल्बममध्ये ती फक्त माझ्याच चेहऱ्यावर आली आहे. ही म्हणते, फोटो सुधारला.) ह्या किरकोळ बुरशीशी माझं भांडण नाही. इतकंच काय, भिंतीतल्या बुरशीशीही नाही. तिचे बीजकण हवेत सगळीकडे असतात; ओल मिळेल तिथे ती बिचारी संसार थाटते. माझं भांडण आहे ते तिला रंगाखाली पुरून "कायमचा बंदोबस्त केला" म्हणणाऱ्यांशी. ह्या बंदोबस्तवाल्यांत मी स्वतः सर्वात पुढे होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर कुणी दाखवून द्यायला नको.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे, दीड फुटाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. जांभा हा मोठा विलक्षण दगड. खाणीतून काढताना इतका मऊ की हत्याराने विटेसारखा कापून घ्यावा, आणि हवा लागली की टणक. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबाने मलबारात हा प्रकार पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' असं नाव दिलं. आजोबांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण दगडाचा स्वभाव ठाऊक होता. अंगभर भोकं असलेला हा दगड पाणी पिणारच. तेव्हा त्याला प्यायला कमी द्यायचं, आणि प्यालेलं पुन्हा हवेत सोडायला मोकळीक द्यायची, एवढंच त्यांचं वास्तुशास्त्र.

त्यासाठी घराला चहूबाजूंनी पडवी. कौलांची वळचण हातभर पुढे आलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात. मृगाच्या आधी पावसाच्या बाजूला नारळाच्या झापांची झड बांधायची आणि पाऊस गेला की सोडायची. भिंतीला हे इरलंच म्हणा ना! इरलं अंगाला चिकटत नाही. पाऊस बाहेर थांबतो आणि आत वारा खेळतो. आणि वर्षाला एकदा, गणपतीच्या आधी नाहीतर दिवाळीला, आतून चुन्याची सफेती. थोडी नीळ, थोडी खळ, आणि काथ्याचा कुंचला. आम्हा पोरांना वाटायचं, हे सणासाठी चाललंय. आता कळतं की ते भिंतीला वर्षाचं औषध चाललं होतं. चुना इतका जहाल अल्कधर्मी असतो की ताज्या चुन्यावर बुरशीचा टिकाव लागत नाही. आणि त्यात बारीक छिद्रं राहत असल्यामुळे भिंतीतली वाफ बाहेर पडायला आडकाठी होत नाही. पुढे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीचा दगड होतो. मुरुडचा जंजिरा चुन्याच्या बांधकामावरच इतकी शतकं भर समुद्रात उभा आहे, आणि पोर्टलंड सिमेंटचं पेटंट ॲस्पडिनने घेतलं ते १८२४ साली.

मग आम्ही चुना सोडला का? तुम्हाला वाटेल, काही शास्त्रीय कारण असेल. कारण एकच. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची! जावई टेकून बसले, उठले, बाजारात गेले आणि लोक हसले. सुना आल्या त्यांच्या साड्या काळ्या-जांभळ्या. टेरिलीनच्या शर्टावर तर चुना असा खुलायचा की यंव. एका पिढीच्या पाठी स्वच्छ राहाव्यात म्हणून अख्ख्या कोकणाने भिंतींना तैलरंग दिला, मग डिस्टेंपर दिला, मग प्लॅस्टिकचा रंग दिला. पाठी स्वच्छ राहिल्या. छातीत काय चाललंय ते कुणी पाहिलं नाही.

आमच्याकडे मात्र आई होती म्हणून माजघरात चुना टिकून होता. तो गेला ३ जून २०२० नंतर. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपासच, जमिनीवर आलं. ('निसर्ग' हे नाव ठेवणाऱ्याने वादळ नक्की लांबून पाहिलं असणार.) दोन-तीन तासांत वाडीतल्या सुपाऱ्या काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. कौलं अशी उडाली की शेजाऱ्यांची आमच्याकडे आणि आमची कुणाकडे ते अजून कळलेलं नाही. आई, ही आणि मी देवघराच्या कोपऱ्यात बसून होतो. आई अथर्वशीर्ष म्हणत होती आणि मधेच थांबून विचारत होती, "पडवीतलं भांडं आत घेतलंस का?" पडवीच राहिली नव्हती.

कौलं मिळेनात, माणसं मिळेनात, वीज तर कित्येक दिवस नव्हती. ताडपत्रीखाली आम्ही पावसाळा काढला. भिंती चार महिने वरून पाणी पीत होत्या. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर सहसा बुरशी धरत नाही म्हणतात. आमच्या भिंतीला एक-दोन दिवस नाही, एक-दोन ऋतू ओल होती.

दिवाळीनंतर आम्ही दुरुस्ती काढली. तालुक्याबाहेरून एक कंत्राटदार आले. त्यांचं नाव घेत नाही. ते वाईट नव्हते, घाईत होते. घाईत मीही होतो. जन्मभर बँकेत कारकुनी केलेली असल्यामुळे छापील कागदावर माझा फार विश्वास. त्यांनी कागद पुढे केला : सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर ओलप्रतिबंधक प्लॅस्टिक रंगाचे दोन हात, दहा वर्षांची गॅरंटी. वर कौलांऐवजी पत्रा, वळचण कमी, कारण पत्र्याचं माप तेवढंच येतं. आई म्हणाली, "भिंत अजून ओली आहे रे. हात लावून बघ." मी हात लावला. गार लागली. मी म्हटलं, "दगड गारच असतो." मराठीत फसवण्याला 'चुना लावणं' म्हणतात. माझी फसवणूक झाली ती चुना सोडून बाकी सगळं लावल्यामुळे.

पहिला पाऊस. जूनच्या अखेरीस भिंतीला फोड आले. पुरीसारखे टम्म फुगलेले. बोटाने दाबला की आतून पाणी. जुलैमध्ये पोपडे. ऑगस्टमध्ये कपाट पुढे ओढलं, तर मागे काळ्या-हिरव्या ठिपक्यांचा नकाशा. ओल आत कोंडली होती. तिला बाहेर पडायला रंगाने वाट ठेवली नव्हती, आणि खालून जोत्यातून नवी ओल चढतच होती. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही ही म्हण रचणाऱ्याने आमची भिंत पाहिलेली नसावी. बारीक छिद्रांतून पाणी आपलं आपण वर चढतं. आढ्यापर्यंत नाही, पण कमरेपर्यंत सहज.

त्यात गिलाव्याची वाळू. ती खाडीची निघाली, न धुतलेली. स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात का पाझरतं ते तुम्हाला ठाऊक आहे : हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. तेव्हा ज्या भिंतीत मीठ आहे तिला गळतीची गरजच नाही. ती हवा पिऊन ओली होते! आम्ही भिंत रंगवली नव्हती, बरणीतलं मीठ माजघरभर उभं केलं होतं.

आता सल्लागार आले. एकाने सांगितलं, ब्लीचिंगचं पाणी मारा. मारलं. काय सांगू, दोन दिवसांत भिंत पांढरीशुभ्र! मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. तिसऱ्या आठवड्यात ठिपके परत, आणि ह्या वेळी कुटुंबासह. ब्लीच वरचा डाग घालवतं. पण छिद्रांच्या भिंतीत बुरशीचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात, तिथे ते धड पोचत नाही. आत जिरतं ते त्यातलं पाणी. म्हणजे आम्ही तिला मारायला गेलो आणि पाणी पाजून आलो. (एका गृहस्थांनी ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळायला सांगितलं होतं. तसं चुकूनही करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बुरशी राहील, आपण जाऊ.) दुसरा म्हणाला, कोरड्या ब्रशने खरवडा. खरवडलं, आणि बीजकण घरभर उडवले. तिसरा म्हणाला, पुन्हा रंग द्या, ह्या वेळी भारी कंपनीचा. पुन्हा दिला. गॅरंटीच्या कागदाचं विचारलंत? तो त्याच कपाटात होता. त्याच्यावरही ठिपके आले होते, नेमके 'दहा' ह्या आकड्यावर.

इथपर्यंत मी हसत होतो, तुम्हीही हसलात. पण २०२२ च्या पावसाळ्यात आईचा खोकला थांबेना. वय ८१. दम लागायचा, रात्री उठून बसायची. आईची खाट त्याच भिंतीला टेकलेली, गेली पन्नास वर्षं. डॉक्टरांनी छाती तपासली, मग घर कसं आहे विचारलं, आणि म्हणाले, "आजींना त्या खोलीत झोपवू नका." जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल-बुरशीवर एक मार्गदर्शक पुस्तक काढलं आहे. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा अधिक होतो, असं ते स्पष्ट सांगतं. गंमत म्हणजे किती बुरशी चालेल ह्याचा आकडा त्यात नाही. ओल राहू देऊ नका, राहिली तर घालवा, एवढंच. रंगाचा तर उल्लेख करण्याची त्यांना गरजही वाटली नसावी.

धाकटा भाऊ डोंबिवलीहून आला आणि आईला घेऊन गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पाडून टाकू आता. छान आरसीसी बांधू. चिऱ्याच्या घरात हल्ली कोण राहतं?"

मी म्हटलं, "आई राहते."

"आई डोंबिवलीला चालली आहे," तो म्हणाला. ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा आई गणपतीत घरी नव्हती. मोदक ह्या घरात प्रथमच ओळीने फुटले. हिने खापर उकडीवर फोडलं, मी भिंतीवर.

हे फक्त आमच्या श्रीवर्धनचं आहे असं समजू नका. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरता येऊ लागलं, आणि अलिबागकडच्या बंगल्यांत प्लायवुडची कपाटं आणि पीओपीची छतं आणखीच वाढली. मे अखेर कुलूप, ऑक्टोबरमध्ये उघडायचं. आत ओळखीच्या एका गृहस्थांच्या सोफ्यावर असा मऊ हिरवा थर आला होता की मी म्हटलं, कापड छान निवडलंत. प्लाय, पीओपी, गाद्या ह्यांच्यात बुरशी एकदा आत शिरली की धुऊन निघत नाही. त्या वस्तू सरळ टाकाव्या लागतात. दगड-विटांचं तसं नाही. त्यांना ओल्या फडक्याने, तोंड बांधून, साबणाच्या पाण्याने पुसावं आणि वाळवावं. पण 'वाळवणं' हा शब्द कुणाला आवडत नाही. तो डब्यात मिळत नाही.

आणि ओल फक्त आभाळातून येते असंही नाही. पूर्वी आमच्या स्वयंपाकघरात चूल होती. तिच्या उबेने घर शेकलं जायचं आणि वाफ-धूर कौलांच्या फटीतून वर निघून जायचा. आता गॅस आहे, त्याबद्दल मी सरकारचा आणि आमची ही माझी आभारी आहे. पण १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की हिशोबाने साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. वर भाताची वाफ वेगळी, दोरीवरचे कपडे वेगळे. खिडक्या स्लायडिंगच्या, घट्ट. मग ती वाफ जाईल कुठे? सर्वात गार जागा शोधते. म्हणजे कपाटामागची भिंत.

दसऱ्यानंतर मी एका म्हाताऱ्या गवंडीदादांना शोधून काढलं. त्यांनी भिंतीवर हातोडीने टकटक केली, कान लावला, आणि डॉक्टरांच्याच स्वरात म्हणाले, "हिचा श्वास कोंडलाय. कपडे काढा हिचे."

"आणि मग काय लावायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"शिमगा जाऊ दे. उन्हाळा खाऊ दे तिला."

सगळा गिलावा उतरवला. आत चिरे लालभडक आणि घामेजलेले. अशा भिंतीला इंचाला एक महिना वाळायला लागतो असा ढोबळ हिशोब आहे. आमची भिंत अठरा इंची, दोन्ही बाजूंनी उघडी. म्हणजे नऊ महिने. बाळंतपणाचा काळ! आम्ही सात दिले. सात महिने आमचं माजघर एखाद्या पडक्या किल्ल्यासारखं होतं. येणारा-जाणारा विचारायचा, "पैसे संपले वाटतं?" वाळलेल्या चिऱ्यांवर मिठाची पांढरी लव उमटायची, ती झाडून टाकायची, पुन्हा उमटायची, पुन्हा झाडायची. पाणी मात्र मारायचं नाही. भाऊ फोनवर विचारायचा, "काम कुठवर आलं?" मी सांगायचो, "वाळतंय." तो म्हणायचा, "म्हणजे काहीच चाललेलं नाही." एका अर्थी खरं होतं. त्यापेक्षा उपयोगी काम त्या भिंतीवर तीन वर्षांत झालं नव्हतं.

मग चुनकळी आणायला गेलो. दुकानदाराने माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि तंबाखूबरोबर खायच्या चुन्याची ट्यूब पुढे केली. शेवटी चुनकळी बाहेरून मागवली. गवंडीदादांनी ती पिंपात विरवली. रटरटून उकळली, पाणी उसळलं, आणि मग महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवली, लोणच्यासारखी. धुतलेली नदीची वाळू, विटेची सुरखी आणि थोडा ताग घालून पातळ गिलावा. वर सफेतीचे तीन हात. वळचण पुन्हा हातभर पुढे काढली. खाट भिंतीपासून वीतभर अलीकडे.

सिमेंटचा मी शत्रू नाही. स्लॅबला, खांबांना ते हवंच. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असलात तर तुमची ओल बहुधा वरच्या मजल्याच्या मोरीतून येते. तिथे चुना उपयोगी नाही, वर जाऊन बेल वाजवावी लागते. पण माझ्यासारखं घर असेल, आणि कुणी ओल्या भिंतीला रंगाचा रेनकोट घालायला आला, तर त्याला स्वतःला रेनकोट घालून वैशाखात दुपारी बाजारातून चक्कर मारायला सांगा. परत आल्यावर आतला शर्ट तपासा. बाहेरून पाऊस लागलेला नसेल.

आमचं सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. न्हाणीच्या बाजूचा एक कोपरा अजून धुसरच आहे. नळ बदलायचा आहे, प्लंबर तीन वर्षं 'उद्या' येतो आहे. आणि दर वर्षी सफेती करावी लागते. तेव्हा पाठ दुखते, डोळ्यांत शिंतोडे जाऊ नयेत म्हणून चष्मा लावावा लागतो आणि ही खालून चुकलेल्या जागा दाखवते.

आई २०२३ च्या गणपतीला परत आली. खोकला पूर्ण गेला नाही, वयही आहे, पण रात्री आडवी झोपते. आल्या आल्या भिंतीला हात लावला, बोटं पाहिली, पांढरी झाली होती. काही बोलली नाही. पदराला पुसली.

पुढच्या गणपतीला भाऊ आला तो काळा टी-शर्ट घालून. आरती झाली, जेवणं झाली, आणि तो माजघरात भिंतीला टेकून तासभर मला समजावत होता की पाडायचं नसेल तर निदान वर एखादा चांगला प्लॅस्टिक रंग तरी देऊन टाक, कायमची कटकट मिटेल. मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठला, आईच्या पाया पडला आणि अंगणातून चालू लागला. मानेपासून कमरेपर्यंत सगळी पाठ पांढरीफेक! मी हाक मारणार, तेवढ्यात आईने डोळ्यांनी मला गप्प केलं.

बोरिवलीची गाडी होती. पाच-सहा तासांचा प्रवास.